गिअरबॉक्स नसलेलं तेलविहिरीचं यंत्र चालायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदविकेच्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या जुन्या लाकडी तेलविहीर-यंत्राची एकास बारा प्रमाणातली चालती प्रतिकृती करायला घेतली आहे. हाताशी जुने फोटो आहेत. त्यात मोठी चाकं दिसतात, दोर दिसतात, लांबच लांब पट्टा दिसतो, वर डुलणारी तुळई दिसते. पण गिअरबॉक्स कुठेच सापडत नाही. त्याने विचारलंय, 'एकच वाफेचं इंजिन ठोके मारणार, हत्यारं वर ओढणार, पाइप उतरवणार आणि गाळही उपसणार, हे गिअरशिवाय जमायचं कसं? पट्टा घसरतो, दोर ताणतो, हे माहीत असूनही त्यांनी दातेरी चाकं का लावली नाहीत? मी मॉडेलमध्ये गिअर घातले तर चालतील का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घालू नका. गिअर घातलेत तर मॉडेल फिरेल, पण ते त्या यंत्राचं मॉडेल राहणार नाही. त्या यंत्राचा सगळा जीव त्याच्या सैलपणात होता. पट्ट्याचं घसरणं, दोराचं ताणणं, इंजिनाचं ओझ्याखाली मंदावणं, या तिन्ही गोष्टी आपल्याला आज दोष वाटतात. त्या काळच्या खोदणाऱ्यांनी मात्र यंत्र त्यांच्यावरच उभं केलं होतं.

माझी नोकरी तेलविहिरी खोदणाऱ्या यंत्रांच्या यांत्रिक देखभालीत गेली; आधी उत्तर गुजरातेत, मग आसामात. ती सगळी फिरत्या पद्धतीची, म्हणजे रोटरी यंत्रं. ठोक्याच्या पद्धतीचं, म्हणजे जड हत्यार दोराने उचलून खडकावर आपटत खोदण्याचं काम मी पाहिलं ते पाण्याच्या बोअरचं, आणि जुन्या यंत्रांचे लोखंडी भाग पाहिले ते आसामातल्या भंगाराच्या आवारात. तेव्हा ठोक्याच्या यंत्राबद्दल जे सांगतोय त्यात काही हाताने पाहिलेलं आहे आणि बरंचसं अभ्यासातून व हिशोबातून आलेलं आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. 'जुनं यंत्र' असं एकच यंत्र नव्हतं. १८६० चं, १९०० चं, पेनसिल्व्हेनियातलं, कॅनडातलं, प्रत्येकाची मांडणी थोडी वेगळी. तुमच्या वर्णनावरून तुमच्या फोटोतलं यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळातलं, दोराने ठोकणारं पेनसिल्व्हेनियाच्या धाटणीचं दिसतं. तेच धरून पुढे जातो.

आता खरा प्रश्न नीट मांडू. ताकद कुठून आणायची, ही त्यांची अडचण नव्हती. वाफेचं इंजिन होतंच. अडचण ही होती की चार कामांच्या चार तऱ्हा होत्या. ठोकण्याला थोडी उंची पण सारखी ये-जा लागते. दीड-दोन टनांची हत्यारं शेकडो फूट वर काढायला सावकाश आणि जोरकस ओढ लागते. गाळ उपसायची नळी हलकी असते, ती मात्र झपाट्याने वर यायला हवी. आणि लोखंडी पाइपांची रांग उतरवताना ओझं सगळ्यात मोठं, वेग सगळ्यात कमी. यातली मेख अशी की ही चार कामं एकाच वेळी कधीच करायची नसतात. ठोकताना ओढायचं नसतं, ओढताना उपसायचं नसतं. म्हणून एकच चाक सतत फिरतं ठेवायचं आणि ज्या कामाची पाळी असेल ते त्याला जोडायचं, बाकीची सोडवून ठेवायची. गिअरबॉक्सचं काम पाळीपाळीने जोडण्या-सोडण्यावर भागत होतं.

याच्या आधी हे सगळं माणसाच्या पायांवर चालायचं. चीनमधल्या झिगोंगला मिठाच्या पाण्यासाठी विहिरी खोदत. माणसं फळीवर उडी घेऊन ठोका देत, बांबूच्या पट्ट्यांचा दोर असे आणि मोठ्या रहाटाला रेडे जुंपलेले असत. तिथली शेनहाय विहीर १८३५ मध्ये हजार मीटरच्या पार गेली. अमेरिकेत कनावा नदीच्या काठी रफनर बंधूंनी १८०८ मध्ये मिठाच्या पाण्यासाठी ५८ फुटांची विहीर पुरी केली. तिथल्या खोदणाऱ्यांकडे साधन होतं ते एका टोकाला पक्क्या केलेल्या लवचीक लांब खांबाचं. पायाने रिकीब दाबायची, हत्यार खाली आपटायचं, खांब स्वतःच्या लवचिकतेने ते वर उचलायचा. लवचिकतेवर काम करून घ्यायची सवय ही अशी फार जुनी आहे. १८५९ मध्ये एडविन ड्रेकने पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला तेलासाठी विहीर घेतली तेव्हा खोदायला बोलावला तो विल्यम स्मिथ मिठाच्या विहिरींचाच जाणकार आणि हाडाचा लोहार होता. सहा अश्वशक्तीचं इंजिन, दिवसाला जेमतेम तीन फूट, आणि २७ ऑगस्टला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं. तुमच्या मॉडेलमधलं सगळं यंत्र म्हणजे त्या मिठाच्या विहिरीच्या साधनाचाच वाढलेला अवतार आहे.

आता इंजिनापासून निघू आणि एकेक चाक धरत विहिरीपर्यंत जाऊ.

इंजिनघर विहिरीपासून लांब असायचं. बॉयलर त्याहून लांब. कारण उघड होतं. विहिरीतून कधी वायू येईल याचा नेम नसे आणि बॉयलरखाली जाळ असे. १७ एप्रिल १८६१ ला ऑइल क्रीकच्या काठी हेन्री राउस याच्या विहिरीने पेट घेतला आणि स्वतः राउससह १९ माणसं गेली. असा धोका असताना तुम्ही इंजिन विहिरीला खेटून ठेवणार नाही. मग एवढ्या अंतरावर ताकद पोचवायची कशाने? दातेरी चाकांनी ते झालं नसतं. रुंद पट्ट्यानेच होणार. सुमारे एक फूट रुंदीचा पट्टा इंजिनाच्या छोट्या पुलीवरून निघून दहा फूट व्यासाच्या लाकडी चाकावर जायचा. हेच बँड व्हील. फोटोत सगळ्यात मोठं दिसतं ते चाक. इंजिनाची पुली दोन फुटी धरली तर पहिल्याच टप्प्यात फेरे पाचपट कमी होतात आणि जोर पाचपट वाढतो. इंजिन मिनिटाला दोनशे फेऱ्यांनी चालत असेल तर बँड व्हील चाळीसने. तुम्ही शोधताय तो गिअर हाच आहे. त्याला दात नाहीत इतकंच.

बँड व्हीलच्या कण्याच्या टोकाला लोखंडी क्रँक, म्हणजे कण्याबरोबर फिरणारा आडवा हात असतो. क्रँकला एका ओळीत पाच-सहा भोकं. त्यातल्या एका भोकात खुंटा बसवायचा, खुंट्यावर पिटमन नावाचा उभा दांडा, आणि दांड्याच्या वरच्या टोकाला वॉकिंग बीम, म्हणजे ती डुलणारी तुळई. तुळई मधोमध सॅमसन पोस्ट नावाच्या जाड खांबावर टेकलेली. तिचं एक टोक पिटमनच्या बाजूला, दुसरं विहिरीच्या तोंडावर. क्रँक फिरला की तुळई डुलते आणि हत्यार वर-खाली होतं.

ती भोकं कशासाठी, हे मला फार उशिरा कळलं. आसामातल्या त्या आवारात गंजलेला असा एक क्रँक पडला होता. बाहेरची दोन भोकं गोल होती, जवळपास कोरी. आतली दोन घासून लांबट झाली होती, त्यांत माझं बोट आडवं फिरत होतं. म्हणजे त्या माणसांनी क्रँकचा बहुतेक सगळा जन्म आखूड ठोक्यावर काढला होता. मला वाटायचं, ठोका जितका लांब तितका चांगला. घरी येऊन हिशोब मांडला तेव्हा उलगडा झाला.

हत्यार खाली पडतं ते गुरुत्वाने, यंत्र त्याला ढकलत नाही. दोराने ढकलता येतच नाही. म्हणून तुळई हत्यारापेक्षा जास्त घाईने खाली गेली तर दोर ढिला पडतो, आणि पुढच्या वर जाण्याच्या वेळी त्याला असा हिसका बसतो की दोर, खुंटा किंवा पिटमन यांपैकी काहीतरी जातं. तुळईचे दोन्ही हात सारखे धरा आणि क्रँकची त्रिज्या पंधरा इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर घ्या. तुळईच्या टोकाचं जास्तीत जास्त त्वरण गुरुत्वाएवढं होतं ते मिनिटाला ४८ ठोक्यांना. त्यापुढे दोर ढिला पडणारच. विहिरीत चिखलपाणी असतं, त्याची उचल आणि अडवणूक धरली तर प्रत्यक्षात चाळीसच्या आसपासच थांबावं लागतं. त्रिज्या दहा इंच केली तर हीच मर्यादा साठाच्या जवळ जाते. म्हणजे लांब ठोका हवा तर सावकाश, आखूड हवा तर जलद. खडक कसा आहे, विहीर किती खोल गेली आहे, चिखल किती दाट आहे, यावरून खोदणारा भोक निवडायचा. ती भोकं म्हणजे त्या यंत्राची गिअर बदलण्याची दांडी म्हणा ना.

आता दोर. चांगला मनिला दोर, म्हणजे चिवट वनस्पती-धाग्यांचा दोर, ताणतो आणि परत येतो. विहीर खोल गेली की तो रबरासारखा वागायला लागतो. वर तुळई दोन फूट हलते पण खाली हत्यार किती हलतं ते दोराच्या ताणावर ठरतं. हे गैरसोयीचं वाटतं, पण त्याचा नेम साधला तर हत्यार दोराच्या ताणाने नेमकं शेवटच्या क्षणी तळाला भिडतं आणि लगेच उचललं जातं. ठोका खडकाला बसतो, तुळईला बसत नाही. म्हणून खोदणारा दिवसभर एक हात दोरावर ठेवून उभा असायचा. दुसऱ्या हाताने तो टेंपर स्क्रू फिरवायचा, म्हणजे तुळईच्या टोकाला टांगलेला लांब आट्यांचा स्क्रू, ज्याने खोली वाढेल तसा दोर थोडाथोडा सोडता येतो. पाण्याच्या बोअरवरचा एक जुना चालक मला म्हणाला होता, 'साहेब, कानाने काही कळत नाही, तळहाताला विचारा.' त्याने माझा हात दोरावर ठेवला. ठोका बरोबर बसत असताना दोरात एक गोल, भरीव थरथर येते. हत्यार अडखळत असलं की तीच थरथर खरखरीत होते. पुढे तारेचे दोर आले. ते मजबूत होते पण ताणत नव्हते. तेव्हा खोदणाऱ्यांनी काय केलं? तारेच्या खालच्या टोकाला, हत्याराच्या वर, मुद्दाम मनिला दोराचा एक तुकडा जोडायला सुरुवात केली. गेलेला ताण त्यांनी असा परत आणला.

हत्यारातसुद्धा सैलपणा ठेवलेला असे. जार नावाचा भाग म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या दोन लांबट कड्या, मध्ये काही इंचांची मोकळीक. कनावाच्या मिठाच्या विहिरींवर विल्यम मॉरिस या कारागिराने १८३० च्या सुमारास तो काढला. हत्यार चिखलात रुतलं तर दोराच्या नुसत्या ओढीने सुटत नाही. जारची वरची कडी मोकळ्या अंतरातून वर येते आणि खालच्या कडीला खालून ठोसा देते, त्याने हत्यार सुटतं. ही मोकळीक नसती तर खोल विहिरी झाल्याच नसत्या, असं माझं पक्कं मत आहे.

ओढण्याची पाळी आली की पिटमन खुंट्यावरून उतरवायचा. आता तुळई सुटली. मग बँड व्हीलच्या बाजूला असलेल्या खाचेच्या चाकावर जाड दोराचा वेढा चढवायचा. हा बुल रोप. त्याचं दुसरं टोक विहिरीपलीकडच्या बुल व्हीलच्या कडेवरून फिरतं. बुल व्हीलची कडेची चाकं सात-आठ फुटी आणि मधला कणा, ज्यावर हत्यारांचा दोर गुंडाळला जातो, तो जेमतेम दीड फुटी. पाचपट फरक. दीड टनाचं ओझं असलं तर बुल रोपवर तीनशे किलोच्या आसपासच ओढ येते, आणि तेवढी ओढ मनिला दोर चाकाच्या खाचेत पकडू शकतो. हत्यार उतरवायचं असेल तर बुल रोप उतरवून टाकायचा, चाक मोकळं, आणि कडेवर आवळलेल्या लोखंडी पट्टीच्या ब्रेकने आवरत आवरत हत्यार सोडायचं. तो वेढा चढवणं-उतरवणं हे मात्र धोक्याचं काम होतं. फिरत्या चाकाजवळ हात न्यावा लागायचा. गावातल्या पिठाच्या गिरणीत चालू पुलीवर पट्टा चढवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

गाळ उपसायला सँड रील. हिची युक्ती मला सगळ्यांत आवडते. रीलच्या कण्यावर एक साधी घर्षणपुली असते आणि कण्याचं एक टोक सरकतं असतं. दांडा एका बाजूला ओढला की पुली फिरत्या बँड व्हीलच्या कडेला जाऊन टेकते आणि फिरायला लागते. दांडा उलट ढकलला की तीच पुली मागच्या लाकडी ठोकळ्यावर दाबली जाते आणि ब्रेक लागतो. मधोमध ठेवला की रील मोकळी, गाळाची नळी आपल्या वजनाने खाली जाते. एकाच दांड्यात क्लच, ब्रेक आणि मोकळं सोडणं तिन्ही आलं. नळीच्या बुडाशी झडप असते. तळाला टेकली की उघडते, वर ओढली की मिटते. आपल्या मोटेला नाडा आणि सोंदूर असे दोन दोर लागायचे, सोंडेचं तोंड मिटून ठेवायला सोंदूर. इथे ते काम झडपेने केलं आणि एका दोरात भागलं.

काफ व्हील, म्हणजे पाइप उतरवायचं चाक, हे नंतर आलं. विहिरी खोल झाल्या, पाइपांचं ओझं बुल व्हीलला झेपेना, तेव्हा त्यासाठी वेगळं चाक आणि कप्प्यांचा वेगळा संच लावला. आधी तेही दोराने फिरायचं, पुढे साखळीने. तुमचा फोटो १८८० च्या आधीचा असेल तर काफ व्हील नसण्याचीही शक्यता आहे. नीट पाहून घ्या, नाहीतर मॉडेलमध्ये काळाची गल्लत होईल.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, वेगाची पहिली घट पट्ट्यात, दुसरी घट चाकाच्या आणि कण्याच्या व्यासांतल्या फरकात, आणि वेगाची निवड क्रँकच्या भोकांत व वाफेच्या चावीत. कामं पाळीपाळीने.

मग दातेरी चाकं का नाहीत? एक कारण साधं आहे. यंत्र जंगलात उभं करायचं असे. लाकूड तिथेच मिळे, सुतार तिथेच बँड व्हील फळ्यांचे थर खिळ्यांनी ठोकून बनवत. विकत आणावा लागे तो फक्त लोखंडी सामानाचा संच: क्रँक, कणा, खुंटा, तुळईची बैठक. विहीर संपली की तो संच गाडीत घालून पुढच्या जागी न्यायचा. मोठं ओतीव दातेरी चाक रस्ता नसलेल्या ठिकाणी न्यायचं, आणि एक दात तुटला की शेकडो मैलांवरच्या ओतशाळेकडे तोंड करून बसायचं, हे कुणाला परवडणार?

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण. ठोक्याच्या यंत्रात ओझं दर दीड सेकंदाला उलटं होतं. तुळई हत्यार वर उचलत असताना इंजिन यंत्राला ओढतं. हत्यार पडत असताना हत्यारच यंत्राला ओढायला लागतं. दातेरी चाकांत दोन दातांमध्ये थोडी फट असतेच. ओझं उलटलं की दात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आदळतात. मिनिटाला चाळीस वेळा, दिवसरात्र. त्या काळचं ओतीव लोखंड ठिसूळ होतं, ते याला किती दिवस पुरलं असतं? पट्टा याच हिसक्याला किंचित सरकून सामावून घेतो. आणि हत्यार खाली अडकलंच तर पट्टा सरळ घसरतो, इंजिन फिरत राहतं, काही मोडत नाही. पट्टा जास्तच घसरला तर आपल्या गिरणीवाल्यासारखी त्याला राळ लावायची.

वाफेचं इंजिनसुद्धा याच जातीचं. ओझं वाढलं की ते मंदावतं, पण जोर सोडत नाही. अगदी थांबलं तरी दट्ट्यावर वाफेचा दाब तसाच असतो. ओझं उतरलं की आपोआप धावतं. त्यामुळे तुळई वर जाताना जराशी रेंगाळते आणि खाली येताना झरकन येते, म्हणजे हत्याराच्या पडण्याला वाट करून देते. चांगल्या खोदणाऱ्याला हेच हवं असे. वाफेची चावी इंजिनघरात, पण तिला जोडलेली दोरी थेट विहिरीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या चाकापर्यंत आणलेली असे. दोरावर तळहात आणि हाताच्या अंतरावर ते चाक, असं बसून तो यंत्राशी बोलायचा. पुढे वायूवर चालणारी इंजिनं आली. त्यांचा गव्हर्नर वेग एकसारखा ठेवायला धडपडतो, म्हणून ती ठोक्याच्या कामाला सहज जुळली नाहीत.

या सैलपणाची किंमत मी स्वतः मोजली आहे. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. यंत्र रोटरी, तीन डिझेल इंजिनं साखळ्यांनी एकत्र जोडलेली. नळांची रांग विहिरीत अडकली होती आणि ओढताना दोर गुंडाळणाऱ्या ड्रमचा हवेवर चालणारा क्लच घसरत होता. मला वाटलं, क्लच कमजोर पडलाय. मी त्याच्या हवेचा दाब वाढवायला सांगितला. क्लच घसरायचा थांबला, आणि पुढच्या ओढीला बंदिस्त पेटीत तोफेसारखा आवाज झाला. साखळी तुटून पेटीच्या पत्र्याला आतून हातभर पोचा आला होता. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. आमच्या फोरमनने तुटलेली कडी पुसून माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाला, 'तो घसरत होता म्हणून ही शाबूत होती.' ती कडी अजून माझ्या टेबलावर आहे. कुठल्याही यंत्रात काहीतरी आधी हार मानणारं असावं लागतं. ते काय असेल हे तुम्ही ठरवलं नाही तर यंत्र स्वतः ठरवतं.

तुम्ही पुढे रोटरीचंही मॉडेल करायचं म्हणताय म्हणून तेही सांगतो. टेक्सासात ब्यूमाँटजवळ स्पिंडलटॉपला १० जानेवारी १९०१ ला हॅमिल बंधूंच्या रोटरी यंत्राने हजार फुटांपलीकडे तेल फोडलं आणि त्या पद्धतीचं नाव झालं. तिथे वाळू इतकी भुसभुशीत होती की ठोक्याने भोक टिकलंच नसतं. रोटरीत नळांची रांग फिरवायची आणि त्याच वेळी नळांतून चिखल सोडून भुगा वर आणायचा. म्हणजे पाळीपाळीने करण्याची सोय संपली. दोन कामं एकाच वेळी आली. तरी सुरुवातीच्या लोकांनी ती गाठ सोप्या रीतीने सोडवली. चिखलाच्या पंपाला त्याचा स्वतःचा वाफेचा दट्ट्या दिला. बॉयलर एक, वाफेच्या नळ्या दोन. यांत्रिक जोडणी लागली ती फक्त ओढायच्या ड्रमला आणि नळांची रांग फिरवणाऱ्या टेबलाला, आणि तिथे पट्ट्याऐवजी साखळी आली. चिखल-पावसात भिजलेला पट्टा त्या मंद, जड फिरण्याला पकडच देत नाही. सुटणाऱ्या कड्यांची साखळी १८७० च्या दशकात शेतीच्या यंत्रांसाठी निघाली होती, तीच इथे कामी आली. कडी तुटली तर हातोडीने काढून दुसरी घालता यायची. तरीही मऊपणा उरला होता, कारण इंजिन वाफेचं होतं. खोदणारी पाती अडकली की ते जोर न सोडता थबकायचं.

खरी पंचाईत डिझेल आल्यावर झाली. डिझेल ओझ्याखाली फार मंदावलं की बंद पडतं, आणि ओझ्यासकट सुरूही होत नाही. पंपालाही आता स्वतःची वाफ नाही. म्हणून सगळी इंजिनं एका पेटीत जोडा, क्लच घाला, तेलातून जोर पोचवणारे कपलिंग आणि टॉर्क कन्व्हर्टर घाला, असं वाढत गेलं. आम्ही ज्या पेट्यांमध्ये आयुष्य घालवलं त्यांतला निम्मा पसारा वाफेचा हरवलेला मऊपणा परत मिळवण्यासाठी होता, असं मला नेहमी वाटत आलंय.

आपल्या देशाचा धागाही याच गोष्टीत आहे. आसामातल्या दिग्बोईला १८८९ मध्ये १७८ फुटांवर तेल लागलं आणि १८९० मध्ये ती पहिली विहीर ६६२ फुटांवर पुरी झाली. तीही वाफेच्या इंजिनाने ठोकतच खोदलेली. त्या विहिरीची जागा तिथल्या तेल संग्रहालयात जपली आहे. शक्य असेल तर मॉडेल पुरं करण्याआधी एकदा जाऊन या. फोटोत आकार कळतात, वजन कळत नाही.

आता मॉडेल. डेरिक, म्हणजे विहिरीवरचा उंच लाकडी मनोरा, ७२ फुटी असेल तर तुमचं सहा फूट उंच होईल आणि चाळीस फुटांची हत्यारांची रांग तीन फूट चार इंच. लांबी बारापट कमी केली की वजन बाराचा घन, म्हणजे १७२८ पट कमी होतं. दीड टनाचं हत्यार पाऊण किलोच्या थोडं वर येईल. हे ठीक आहे, पण गुरुत्व कमी होत नाही हे विसरू नका. क्रँकची त्रिज्या ३८ सेंटिमीटरची ३२ मिलिमीटर झाली की दोर ढिला पडण्याची मर्यादा ४८ वरून मिनिटाला १६७ पर्यंत चढते. म्हणजे मॉडेल खऱ्यासारखं चाळीसने चालवलंत तर ते मरगळलेलं दिसेल. १२० ते १४० ठोक्यांना ते खऱ्यासारखं वागेल.

दोरासाठी नायलॉन किंवा मासेमारीची तार घेऊ नका. पीळ दिलेला सुती दोर घ्या आणि दोन दिवस ओझं टांगून त्याचा पहिला ताण काढून टाका. पट्टा सपाट घ्या, दात असलेला टायमिंग बेल्ट मुळीच नको. आणि मोटर स्टेपर, म्हणजे ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी, नको. स्टेपरला मंदावणं माहीतच नसतं. ब्रश असलेली साधी डीसी मोटर घ्या, व्होल्टेज हाताने कमी-जास्त करा, वेग स्थिर ठेवणारं सर्किट लावू नका. ओझं आलं की ती मंदावेल, उतरलं की धावेल. वाफेच्या इंजिनाचा स्वभाव एवढ्या पैशात दुसरीकडे मिळणार नाही. मोटर डेरिकपासून लांब ठेवा, पट्टा लांब असू द्या.

शेवटी एक खांब राहिलाय, जो बहुतेक मॉडेलांत सुटतो. तुळईच्या विहिरीकडच्या अर्ध्याखाली, तिला न लागता, एक उभा जाड खांब असतो. त्याला हेडेक पोस्ट म्हणत. पिटमन तुटला किंवा खुंट्यावरून निसटला तर हत्यारांच्या ओझ्याने तुळईचं ते टोक खाली येतं, आणि नेमकं त्याच्याखाली दोरावर हात ठेवून खोदणारा उभा असतो. तुळई त्या खांबावर अडते. तुमच्या मॉडेलमध्येही तुळईपासून आठ-दहा मिलिमीटर सोडून तो उभा करा, आणि पिटमन काढून एकदा तुळई त्यावर टेकवून पाहा.